अंदाज बडोद्याचा, पाणी पावागडचे

मा. संपादक महोदय,
स. न. वि. वि.

मृग नक्षत्र लागायला आता आठवडाही उरलेला नाही. बडोद्यात दुपारी अजून अंगाची लाही होते, संध्याकाळी नैर्ऋत्येचा वारा गच्चीवरची वाळवणे उडवून नेतो आणि रात्री कूलर लावला तरी घाम सुकत नाही. म्हणजे पाऊस जवळ आला, एवढे सांगायला वेधशाळेची गरज नाही. आपल्या दैनिकाच्या बडोदे पानावरची ‘येत्या पाच दिवसांचे हवामान’ ही चौकटही आता नेहमीप्रमाणे घरोघरी चहासोबत वाचली जाऊ लागेल. माझे हे पत्र त्या चौकटीविषयी आहे. गेली अनेक वर्षे पावसाळ्याचे चार महिने ती मी कात्रीने कापून एका वहीत चिकटवतो आणि शेजारी गच्चीवरच्या पर्जन्यमापकात मोजलेला पाऊस लिहून ठेवतो. निवृत्तीनंतरच्या या उद्योगातून माझे असे मत झाले आहे की, चौकटीत जे छापले जाते ते बहुधा चुकीचे नसते, परंतु नदीकाठच्या माणसाला त्याचा उपयोग जवळजवळ शून्य असतो.

उपयोग नसतो म्हणजे काय, ते एका प्रसंगावरून सांगतो. 2024 सालच्या गोकुळाष्टमीच्या आदल्या संध्याकाळी, आमच्या कारेलीबागेतल्या सोसायटीत तळमजल्यावर एकट्या राहणाऱ्या काकूंनी मला जिन्यात गाठले. हातात वर्तमानपत्र, चष्मा कपाळावर. ‘अरे, यात कसला तरी रंग लिहिलाय,’ त्या म्हणाल्या, ‘त्या रंगाचं राहू दे. तांदळाचा डबा माळ्यावर ठेवू की खालीच राहू दे, तेवढं सांग.’ मी चौकट पुन्हा एकदा वाचली. आकाश ढगाळ, मध्यम ते मुसळधार पाऊस, काही ठिकाणी अतिमुसळधार, कमाल तापमान, किमान तापमान, आर्द्रता. डब्याविषयी त्यात काहीच नव्हते. पावसाची वही ठेवणारा माणूस म्हणून सोसायटीत माझा थोडाफार लौकिक आहे, पण मला उत्तर देता आले नाही. ‘ठेवा वर, कशाला उगाच धोका,’ असे म्हणून मी वेळ मारून नेली आणि वीस किलोचा तो डबा त्या बाई एकट्याने माळ्यावर कशा चढवणार, हा विचार न करता वर निघून आलो. डबा खालीच राहिला. तिसऱ्या दिवशी तो स्वयंपाकघरातून तरंगत दिवाणखान्यात आला होता आणि सोफ्याच्या हाताला अडकून आडवा पडला होता.

26 ऑगस्टला, गोकुळाष्टमीच्या दिवशी, पाऊस कोसळला हे खरेच आहे. पण बडोदेकरांना जी गोष्ट सर्वांत जास्त महागात पडली ती त्यानंतरची. पावसाचा जोर ओसरू लागला, लोकांनी सुटकेचा निःश्वास टाकला, आणि शहरातून वाहणारी विश्वामित्री नदी मात्र चढतच राहिली. शहरातल्या काळा घोडा चौकाजवळच्या तिच्या पुलावर 26 फूट ही धोक्याची खूण मानली जाते. पाणी 34 फुटांच्याही वर गेले. आकाशाकडे पाहून ज्यांनी गाड्या पुन्हा तळघरात लावल्या, त्यांच्या गाड्या पाण्याखाली गेल्या. नदीतल्या मगरी रस्त्यांवर आणि अंगणांत आल्याची छायाचित्रे देशभर छापून आली, आणि बाहेरगावच्या नातेवाइकांचे फोन आम्हाला पुरापेक्षा मगरीविषयीच अधिक आले. चौकटीतला अंदाज पाहिला, तर त्या दिवसांत पाऊस कमी होणार असेच लिहिले होते, आणि तो तसा झालाही. अंदाज बरोबर आणि घर पाण्यात, अशी ती स्थिती होती.

याचे कारण गूढ नाही. विश्वामित्री पावागडाच्या डोंगरात उगम पावते, पश्चिमेकडे वाहत बडोद्यात शिरते, शहराच्या मधून नागमोडी वळणे घेत जाते आणि पुढे ढाढर नदीला मिळून खंभातच्या आखाताला जाते. हालोल आणि पावागडच्या बाजूला पडणारे पाणी आधी आजवा सरोवरात आणि प्रतापपुऱ्याच्या तलावात साठते. महाराजा सयाजीराव गायकवाड यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस शहराच्या पिण्याच्या पाण्यासाठी बांधून घेतलेल्या आजव्याच्या मातीच्या धरणाने आम्हाला तीन-चार पिढ्या पाणी पाजले आहे, आणि आजही शहराचा मोठा भाग त्यावर अवलंबून आहे. तलाव रिकामा असेल, तर हालोलला कितीही कोसळले तरी ते पाणी पोटात घेण्याची त्याची तयारी असते. तो काठोकाठ असेल, तर हालोलला पडलेला प्रत्येक थेंब काही तासांनी काळ्या घोड्याखालून जाणार, मग बडोद्यात त्या वेळी लख्ख ऊन का पडलेले असेना. त्यातून पुढे ढाढर आधीच तुडुंब भरलेली असेल, तर विश्वामित्रीला आपले पाणी टाकायला जागा उरत नाही, आणि न्हाणीघराच्या मोरीत बोळा बसावा तसे शहर तुंबते. पावसाचे पाणी नदीत नेण्यासाठी ज्या उघड्या गटारांना आम्ही इथे ‘कांस’ म्हणतो, त्या कांसांची तोंडे नदीच्या पातळीखाली गेली की प्रवाह उलटा फिरतो. आमच्या सोसायटीत 2024 साली पाणी रस्त्यावरून आले नाही. ते मागच्या कांसेतून, कुंपणाच्या भिंतीखालून, आवाज न करता आले. पहिल्यांदा ते तुळशीवृंदावनाच्या पायरीशी दिसले. तिथून दारातल्या पायपुसण्यापर्यंत यायला त्याला पुरता तासही लागला नाही.

म्हणून माझे पहिले आणि मुख्य म्हणणे हे आहे की, बडोद्याचा अंदाज नुसता बडोद्याच्या आकाशाचा असू नये. हवामान खात्याचे इशारे जिल्हावार असतात, आणि इथेच आमची गोची होते, कारण हालोल आणि पावागड बडोदे जिल्ह्यात नाहीत, ते पंचमहाल जिल्ह्यात आहेत. आपल्या चौकटीत बडोदे जिल्ह्याच्या इशाऱ्याचा रंग छापला जातो. आमच्या दारात येणाऱ्या पाण्याचा रंग शेजारच्या जिल्ह्याच्या रकान्यात असतो आणि तो रकाना आपल्या चौकटीत नसतो. बडोदे पिवळे आणि पंचमहाल लाल, असा दिवस उजाडला तर कारेलीबाग, समा, परशुराम भठ्ठा आणि वडसर इथल्या माणसाने आपल्या पिवळ्यावर समाधान मानायचे की शेजारच्या लालाची धास्ती घ्यायची? आजव्याची पातळी ठाऊक असल्याशिवाय या प्रश्नाचे उत्तर कोणी देऊ शकणार नाही, आणि ती पातळी पूर डोक्यावर येईपर्यंत कोणी छापत नाही.

पातळी छापली जाते तेव्हाही एक घोटाळा होतो. आजवा 211 फुटांवर आणि विश्वामित्री 20 फुटांवर, अशा दोन ओळी शेजारी शेजारी वाचून आमच्या सोसायटीतल्या एका चांगल्या शिकल्यासवरल्या गृहस्थांनी मला विचारले होते की, तलाव 211 फूट खोल आहे काय. नाही. आजव्याचा आकडा समुद्रसपाटीपासूनच्या उंचीचा आहे, तर विश्वामित्रीचा आकडा पुलाजवळच्या मोजपट्टीवरचा आहे. बडोदे शहर समुद्रसपाटीपासून साधारण सव्वाशे ते एकशे तीस फुटांवर वसलेले आहे, म्हणजे भरलेल्या आजव्याचा पृष्ठभाग आमच्या रस्त्यांपेक्षा ऐंशी-एक फूट उंच असतो. हे एकदा लक्षात आले की 211 आणि 212 यांच्यातल्या एका फुटाला किती महत्त्व आहे ते कळते, कारण मैलोगणती पसरलेल्या तळ्यावरचा तो एक फूट म्हणजे प्रचंड पाणी असते. एवढा खुलासा आकड्याखाली बारीक अक्षरात छापला, तरी पुष्कळ काम होईल.

दुसरी गोष्ट पावसाच्या वाटेची. आमच्याकडचा मोठा पाऊस बहुधा पूर्वेकडून येतो. बंगालच्या उपसागरात तयार झालेले कमी दाबाचे क्षेत्र ओडिशा, छत्तीसगड आणि मध्य प्रदेश ओलांडून पश्चिम-वायव्येकडे सरकत येते. अशा क्षेत्राचा सर्वांत जोरदार पाऊस त्याच्या केंद्रात पडत नाही, केंद्राच्या नैर्ऋत्येला पडतो. केंद्र मध्य प्रदेश आणि राजस्थान यांच्या सीमेवर दाखवलेले असेल, तर नकाशावर तिथून नैर्ऋत्येला बोट सरकवावे. ते पंचमहाल आणि बडोद्यावर येते. 2024 च्या ऑगस्टमध्ये नेमके असेच एक क्षेत्र मध्य प्रदेश-राजस्थानच्या बाजूने आले, अतितीव्र झाले, रेंगाळत रेंगाळत सौराष्ट्र-कच्छवरून गेले आणि महिनाअखेरीला अरबी समुद्रात उतरून त्याचे ‘असना’ नावाचे चक्रीवादळ झाले. ऑगस्टमध्ये अरबी समुद्रात चक्रीवादळ होणे फार दुर्मीळ. आपल्या दैनिकात त्याची बातमी पहिल्या पानावर होती, पण ते क्षेत्र जमिनीवरून आमच्याकडे सरकत होते तेव्हा, म्हणजे आम्हाला त्याची गरज होती तेव्हा, ‘गुजरातमध्ये पावसाचा जोर वाढणार’ एवढीच एक ओळ आतल्या पानावर आली होती. एरवी मराठी बातम्यांत गुजरात येतो तो ‘दक्षिण गुजरात ते केरळ किनाऱ्यालगत कमी दाबाचा पट्टा’ या वाक्यात, पट्ट्याचे वरचे टोक म्हणून. टोकाला राहणाऱ्यांचीही घरे असतात.

माझी धाकटी बहीण इंदूरला रामबागेत असते. तिचा रात्री उशिरा फोन आला आणि ‘दादा, इकडे संध्याकाळपासून थांबायचं नाव नाही’ असे ती म्हणाली, की मी वही काढतो. तिचा पाऊस एक-दीड दिवसाने आमच्याकडे येतो असा माझा ठोकताळा आहे, आणि माझ्या वहीत तो बऱ्याचदा जमलेलाही आहे. बऱ्याचदा जमतो, नेहमी नाही. क्षेत्र कधी वाटेतच विरून जाते, कधी उत्तरेला वळून राजस्थानात जाते, आणि मग मी गच्चीवरची वाळवणे उगीच उचलून आणलेली असतात. हा ठोकताळा छापावा असे मी म्हणणार नाही. मात्र ते क्षेत्र आज कुठे आहे, कोणत्या दिशेने आणि किती वेगाने सरकते आहे, एवढी दोन वाक्ये हवामान खात्याच्या पत्रकात रोज असतात. ती गाळून नुसता ‘मुसळधार’ हा शब्द उचलला जातो, याचे वाईट वाटते.

इथे कोणी 2019 ची आठवण देईल आणि ती योग्यच असेल. 31 जुलै 2019 रोजी बडोद्यात चोवीस तासांत सुमारे 20 इंच पाऊस पडला, तो हालोलला नव्हे, आमच्या डोक्यावर. विमानतळ बंद पडला, गाड्या बंद पडल्या, आणि दांडिया बाजारातल्या माझ्या जुन्या वाड्यात, जिथे आजोबांच्या काळापासून पाणी चढल्याचे कोणी सांगत नसे, तिथे जोत्यापर्यंत पाणी आले. त्या दिवशी पंचमहालचा रकाना वाचून काही फायदा झाला नसता. तरीही त्या पुराचा दुसरा अंक नदीचाच होता, आणि रस्त्यांवरचे पाणी नदी उतरल्याशिवाय उतरले नाही. आकाशाकडे पाहू नये असे माझे म्हणणे नाही. पाणी दोन्हीकडून यायचे असते, आणि आपली चौकट एकाच बाजूला पाहते.

आता शब्दांविषयी. हवामान खात्याच्या पत्रकात प्रत्येक शब्दाला ठरलेला अर्थ असतो. एखाद्या भागातल्या पर्जन्यमापन केंद्रांपैकी जास्तीत जास्त पाव केंद्रांवर पाऊस अपेक्षित असेल तर ‘तुरळक ठिकाणी’, त्याहून जास्त पण निम्म्यापर्यंत असेल तर ‘काही ठिकाणी’, निम्म्यापासून पाऊण हिश्शापर्यंत ‘बऱ्याच ठिकाणी’ आणि त्यापुढे सर्वदूर. हे शब्द पावसाच्या पसाऱ्याचे आहेत, जोराचे नाहीत. ‘तुरळक ठिकाणी अतिमुसळधार’ याचा अर्थ पाऊस तुरळक पडेल असा होत नाही. पावाहून कमी ठिकाणी तो झोडपून काढील, आणि ते ठिकाण आपले असू शकेल, असा होतो. आमच्याकडच्या गुजराती पत्रांतही ‘छूटोछवायो’ आणि ‘सार्वत्रिक’ यांची अशीच ओढाताण चालते; शिवाय तिथे सोमवारी ‘मेघमहेर’ आणि बुधवारी ‘मेघतांडव’ असे मथळे येतात, दोन्ही वेळा पाऊस तेवढाच असला तरी. आपल्या चौकटीत एका वर्षी मी ‘जोरदार’, ‘मुसळधार’, ‘धुवांधार’ आणि ‘दमदार’ असे चार शब्द एकाच आठवड्यात, माझ्या समजुतीप्रमाणे एकाच अर्थाने, वापरलेले पाहिले. उपसंपादकांना पुनरुक्ती नकोशी वाटते हे मी समजू शकतो, पण अंदाजात पुनरुक्ती हाच गुण आहे.

मोजमापही ठरलेले आहे. चोवीस तासांत 64.5 मिलिमीटरपासून पुढे पाऊस ‘मुसळधार’ गणला जातो, 115.6 पासून पुढे ‘अतिमुसळधार’, आणि 204.4 च्या वर गेला की ‘अत्यंत मुसळधार’. बडोद्यातली जुनी माणसे इंचात बोलतात, त्यांच्यासाठी हे अनुक्रमे अडीच, साडेचार आणि आठ इंच होतात. मिलिमीटर म्हणजे काय ते काकूंना मी असे समजावले : एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक मीटर लांब-रुंद फरशीवर एक लिटर पाणी. आपल्या इमारतीची गच्ची हजार चौरस फुटांची धरली आणि पाऊस शंभर मिलिमीटर झाला, तर त्या एका गच्चीवर नऊ हजार लिटरहून जास्त पाणी पडते, म्हणजे उन्हाळ्यात आपण पैसे मोजून मागवतो तो जवळजवळ एक मोठा टँकर. काकूंनी क्षणभर गच्चीकडे पाहिले आणि म्हणाल्या, ‘मग उन्हाळ्यात कशाला मागवतो?’ तो विषय वेगळ्या पत्राचा आहे.

रंगांचे म्हणाल, तर हिरवा म्हणजे इशारा नाही, पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, नारिंगी म्हणजे तयारीत राहा आणि लाल म्हणजे आता हालचाल करा. तेवढाच पाऊस एका जिल्ह्यात पिवळा आणि दुसऱ्यात नारिंगी ठरू शकतो, कारण रंग ठरवताना पावसाच्या मोजमापासोबत त्याची शक्यता आणि त्याने होऊ शकणारे नुकसानही धरले जाते. ‘शक्यता आहे’ हा शब्दप्रयोगसुद्धा सैल नाही. त्यामागे पंचवीस ते पन्नास टक्के, पन्नास ते पंचाहत्तर आणि त्यापुढे अशा पायऱ्या आहेत. छापताना या तिन्ही पायऱ्यांचे ‘पाऊस पडणार’ असे एकच वाक्य होते, आणि पाऊस पडला नाही की वाचक वेधशाळेला हसतात. माझ्या वहीच्या अनुभवाने सांगतो, उद्याचा अंदाज भरवशाचा असतो, परवाचा बऱ्यापैकी, आणि पाचव्या दिवसाचा हा नुसता कल असतो. आपण मात्र पाचही दिवस सारख्याच ठळक टायपात छापता.

आणखी एक बारीक गोष्ट. अंदाज कोणत्या वेळी दिला गेला ते चौकटीत नसते. दुपारच्या पत्रकावरून रात्री पान लागते, आमच्या दारात ते सकाळी सहाला पडते, आणि तोवर नवे पत्रक निघालेले असते. ‘काल दुपारी दिलेला’ एवढे तीन शब्द असले तर वाचक फोनवर नवा अंदाज पाहील. ते नसले तर छापील मजकूर आजचा समजून बसेल. पडलेल्या पावसाच्या आकड्याचेही असेच आहे. हवामान खात्याचा दिवस सकाळी साडेआठला बदलतो, त्यामुळे मंगळवारी दिवसभर पडलेला पाऊस बुधवारच्या तारखेखाली नोंदला जातो. मला माझ्या वहीतल्या पहिल्या दोन वर्षांचे आकडे याच कारणाने नंतर खोडावे लागले होते.

जुन्या मंडळींसाठी पंचांग आहेच. अमुक नक्षत्राचे वाहन बेडूक की म्हैस, यावरून पावसाचे मान सांगणारी माणसे शहरातल्या वाडी भागात आणि दांडिया बाजारात अजून आहेत, आणि त्यांची थट्टा मला करवत नाही, कारण 2024 चा पूर मघा नक्षत्रात आला आणि 2019 चा पुष्यात, एवढी नोंद त्यांच्याच तोंडून मला पहिल्यांदा मिळाली. ‘न पडल्या मघा तर ढगाकडे बघा’ ही म्हण सर्वांना ठाऊक आहे. तिचा पूर्वार्ध आपल्या दैनिकात छापण्याजोगा नाही, पण पडल्या मघा तर माणसाला घराबाहेर पाऊल टाकता येत नाही, हा त्याचा मथितार्थ आम्ही त्या वर्षी चार दिवस शब्दशः अनुभवला. तथापि पंचांगातली नक्षत्रे सूर्याच्या तारखेवर चालतात आणि आजव्याच्या पातळीची त्यांना खबर नसते.

अंदाज नीट छापला जात नाही तेव्हा ती जागा रिकामी राहत नाही. ‘आजवा फुटले’ ही आवई मी माझ्या आयुष्यात चार-पाच वेळा तरी ऐकली आहे. पूर्वी ती सायकलवरून येई, आता ती फोनवर येते, सोबत कुठल्या तरी दुसऱ्याच धरणाचे चित्रफीत-प्रकरण असते. 2024 साली आमच्या जिन्यात रात्री दीड वाजता ही आवई आली आणि तळमजल्यावरची दोन कुटुंबे लहान मुलांना खांद्यावर घेऊन कमरेएवढ्या पाण्यातून रस्त्याकडे निघाली. त्यांना वरून हाका मारून परत बोलवावे लागले. त्या पाण्यात मगर असू शकते हे त्यांना कळत नव्हते असे नाही. खात्री करून घेण्यासाठी मी एका कार्यालयाचा दूरध्वनी फिरवत राहिलो. घंटा वाजत राहिली. त्या सकाळच्या अंकात आजव्याची आदल्या रात्रीची पातळी आणि ती चढती की उतरती एवढे छापलेले असते, तर निदान मला जिन्यात उभे राहून काही ठाम बोलता आले असते.

आपल्याकडे माझी मागणी मोठी नाही. मृगापासून हस्तापर्यंत, बडोदे पानावर पोस्टकार्डाएवढी जागा द्यावी. तीत बडोद्यासोबत पंचमहालचा इशारा असावा. आजव्याची आणि काळ्या घोड्याजवळची पातळी, मोजल्याची वेळ, आणि कालपेक्षा किती चढली वा उतरली ते असावे. पूर्वेकडे कमी दाबाचे क्षेत्र असेल तर त्याचे ठिकाण असावे. शब्द हवामान खात्याचे असतील तेच ठेवावेत. 2025 च्या मे महिन्यात खात्याने सुरू केलेली नवी अंदाजप्रणाली देशाला सहा-सहा किलोमीटरच्या चौकोनांत पाहते, पूर्वी हे चौकोन बारा किलोमीटरचे होते. तेव्हा हालोल आणि कारेलीबाग यांना वेगवेगळे पाहणे आता पूर्वीहून सोपे झाले आहे. त्याच वर्षीच्या उन्हाळ्यात विश्वामित्रीचे पात्र खोल आणि रुंद करण्याचे मोठे काम झाले. त्याचा उपयोग किती झाला हेही रोजच्या पातळीचे आकडे सलग छापले गेले, तरच वाचकाला स्वतःच्या डोळ्यांनी पडताळता येईल. एरवी ते भाषणांतच राहील.

आणि शक्य झाल्यास, चौकटीच्या तळाशी एक ओळ : कालचा अंदाज काय होता आणि प्रत्यक्षात किती पाऊस पडला. अंदाज चुकला त्या दिवशीही ती छापावी. त्या ओळीसाठी गच्चीवरचे आकडे लागले तर मी रोज सकाळी साडेआठला कळवीन. माझे पर्जन्यमापक साधे आहे, पण मी ते आंब्याच्या फांदीपासून दूर, मोकळ्या जागी ठेवले आहे.

काकूंविषयी सांगायचे राहिले. 2024 च्या पुरानंतर त्यांनी नवा डबा घेतला आणि सोसायटीच्या रखवालदाराकडून तो माळ्यावर चढवून घेतला. तो तेव्हापासून खाली उतरलेला नाही. अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या त्या बाई रोज सकाळी स्टुलावर चढतात, एका हाताने माळ्याची कड धरतात आणि दुसऱ्या हाताने वाटीभर तांदूळ काढतात. हिवाळ्यात, उन्हाळ्यात, विश्वामित्रीच्या पात्रात पाणी दिसत नसते तेव्हासुद्धा. ‘खाली कधी ठेवायचा ते कुणी सांगत नाही ना,’ असे त्यांचे म्हणणे आहे.

कळावे, लोभ असावा.

आपला,
एक जुना वाचक
कारेलीबाग, बडोदे